झँगीफ, गाइल आणि मधली जागा : एका सेटचा प्रकरण अभ्यास

स्ट्रीट फायटर ६ या दोघांच्या लढतीच्या व्हिडिओ गेममध्ये झँगीफ हे पात्र घेऊन गाइल या पात्रासमोर बसणाऱ्या खेळाडूची तक्रार बहुतेक वेळा एकच असते : जवळ जाताच येत नाही. प्रस्तुत प्रकरणातील तरुणाची तक्रारही हीच होती. त्याच्या सामन्यांचे रिप्ले तपासले तेव्हा मात्र असे दिसले की तो जवळ जात होता, प्रत्येक राऊंडमध्ये निदान दोनदा तरी जात होता, आणि कष्टाने मिळवलेली ती जागा पोहोचल्यापोहोचल्या एका उडीत घालवत होता. या उड्या नेमक्या कुठून आणि कोणत्या क्षणी निघत होत्या, त्या थांबल्यावर सामन्यात काय बदलले आणि काय बदलले नाही, याची ही नोंद आहे.

पार्श्वभूमी

सामने परळमधल्या एका सोसायटीच्या सभागृहात रविवारी दुपारी होतात. एकच कन्सोल, एकच मॉनिटर आणि वायरने जोडलेले दोन कंट्रोलर अशी साधी मांडणी असते. रोलबॅक नेटकोडमुळे (इंटरनेटवरचा विलंब झाकणाऱ्या तंत्रामुळे) ऑनलाइन सामने खेळण्याजोगे झाले असले, तरी ज्या मॅचअपचा (दोन पात्रांच्या जोडीचा) निकाल पाऊलभर अंतरावर लागतो तिथे पडद्यावरचे चित्र ऐनवेळी मागेपुढे झालेले परवडत नाही, म्हणून हा अभ्यास समोरासमोरच्या सामन्यांपुरता ठेवला आहे.

झँगीफ खेळणारा तरुण अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला आहे. गाइल खेळणारे गृहस्थ चाळिशी ओलांडलेले, बँकेत नोकरीला आहेत. वयाने त्यांना काका म्हणायला हवे, पण आमच्याकडे कंट्रोलर हातात घेतलेल्या प्रत्येक मोठ्या माणसाला दादाच म्हणतात, आणि त्यांचीही त्याला हरकत नाही. या खेळात चाळिशी म्हणजे निवृत्ती असा समज असलेल्यांनी हांगझोऊच्या आशियाई क्रीडा स्पर्धा आठवाव्यात. २०२३ मध्ये झालेल्या त्या स्पर्धांत स्ट्रीट फायटर ५ हा पदकाचा प्रकार होता, भारताकडून मयंक प्रजापती आणि अयान बिस्वास उतरले होते, आणि सुवर्णपदक दक्षिण कोरियाच्या किम ग्वान-वू यांनी वयाच्या ४४ व्या वर्षी जिंकले.

मॅचअप तसा जुनाच आहे. गाइल आणि झँगीफ हे दोघेही १९९१ च्या स्ट्रीट फायटर २ मधल्या निवडता येणाऱ्या आठ पात्रांपैकी, आणि जून २०२३ मध्ये कॅपकॉम या निर्मात्या कंपनीने सहावा भाग आणला तेव्हाही दोघे पहिल्या दिवसापासून त्यात होते. एकाने दूर ठेवायचे आणि दुसऱ्याने जवळ जाऊन पकडायचे, हे सूत्र तेव्हापासून बदललेले नाही.

दोघांना काय हवे असते

गाइलचे दोन मुख्य हल्ले चार्जचे आहेत. मागची दिशा क्षणभर धरून पुढे ढकलत पंच दाबला की सॉनिक बूम हा समोर दूरवर जाणारा झोत सुटतो. खालची दिशा धरून वर ढकलत किक दाबली की समरसॉल्ट किक निघते, जी हवेतून येणाऱ्याला खाली पाडते. खाली-मागे असा तिरका कोपरा धरून बसले की दोन्ही चार्ज एकदम भरतात आणि त्याच वेळी गार्डही (समोरचा फटका अडवणे) होतो. म्हणून गाइल बसून राहतो तेव्हा तो स्वस्थ बसला आहे असे समजू नये. उलट तो पुढे चालू लागला की त्याचा चार्ज सुटतो, आणि ही गोष्ट या प्रकरणात पुढे महत्त्वाची ठरते.

झँगीफची जीवनरेखा (फटके खाण्याची क्षमता) ११,००० ची, गाइलची १०,००० ची. हा हजाराचा फरक झँगीफच्या संथ चालीची भरपाई आहे असे मानले, तरी त्याचे खरे भांडवल स्क्रू पाइलड्रायव्हर हेच आहे. ही पकड गार्डने अडत नाही आणि साध्या थ्रोसारखी (जवळून धरून फेकण्यासारखी) सोडवूनही घेता येत नाही. हेवी पंचने घातलेली पकड गाइलच्या एकूण जीवनरेखेचा चौथ्या हिश्शाहून मोठा तुकडा एका झटक्यात नेते, पण तिची पोच सर्वांत कमी असते. लाइट पंचच्या पकडीचे नुकसान कमी आणि पोच सर्वांत जास्त. पकड हुकली, विशेषतः समोरच्याने उडी मारल्यामुळे हुकली, तर झँगीफ हवेला मिठी मारून उभा राहतो आणि गाइलला मनाजोगता कॉम्बो (एकामागून एक जोडलेले फटके) लावायला वेळ मिळतो.

आता अंतराचा विचार. सामान्यतः गाइलचा एकच साधा सॉनिक बूम एका वेळी पडद्यावर असू शकतो. तो नाहीसा झाल्याशिवाय दुसरा सुटत नाही. याचा परिणाम वरवर पाहता उलटा वाटतो. झँगीफ पडद्याच्या दुसऱ्या टोकाला असेल तेव्हा लाइट पंचचा संथ बूम त्याच्यापर्यंत यायला बराच वेळ घेतो, आणि तेवढ्या वेळात झँगीफला निवांत काही पावले चालता येते. तो जसजसा जवळ येतो तसतसा बूम त्याच्या गार्डवर लवकर आदळून संपतो आणि पुढचा बूम लवकर सुटू शकतो. चार्ज भरायला लागणारा वेळ एवढीच काय ती मर्यादा उरते. म्हणजे सर्वांत जास्त कोंडी लांबवर नसून अर्ध्या पडद्याच्या आसपास होते. इथे झँगीफ पकडीच्या टप्प्यात नसतो, बूम मात्र एकामागून एक येत असतात, आणि प्रत्येक गार्डबरोबर ड्राइव्ह गेजही (खास बचाव आणि हल्ल्यांसाठीचा साठा) झिजत असतो. सहा खणांचा हा गेज रिकामा झाला की बर्नआउट होते : पॅरी (बटण धरून फटका परतवण्याचा बचाव) आणि ड्राइव्ह इम्पॅक्ट (फटके झेलत पुढे येणारा जोरदार हल्ला) बंद, आणि गार्ड केलेल्या बूममधूनही जीवनरेखा कातरली जाऊ लागते. माणसाला उडी मारावीशी वाटते ती नेमकी इथे.

निदान

रिप्लेमध्ये इनपुट दाखवण्याची सोय आहे, आणि तरुणाच्या हरलेल्या सेटचा उलगडा तिनेच केला. त्याची प्रत्येक पुढची उडी बूम गार्ड केल्यानंतर निघत होती. एक बूम अडवला, दुसरा अडवला, आता पुरे झाले असे वाटले की उडी. गाइलच्या बाजूने पाहिले तर हा सर्वांत सोयीचा क्षण आहे. बूम सोडताना गाइल खाली-मागेचा कोपरा सोडून पुढे दाबतो, त्यामुळे त्या क्षणी त्याच्याजवळ समरसॉल्ट किकचा चार्ज उरलेला नसतो. पण बूम अंतर कापून झँगीफच्या गार्डवर आदळेपर्यंत गाइल पुन्हा बसलेला असतो आणि उडी त्याच्या डोक्यावर पोहोचेपर्यंत चार्ज पुरेपूर भरलेला असतो. गाइलच्या बूमला उडीचे उत्तर द्यायचे तर ती बूम सुटताना निघायला हवी, म्हणजे अंदाजाने मारायला हवी. गार्ड संपल्यावर मारलेली उडी ही त्रासलेल्या माणसाची उडी असते आणि दादांसारखा जुना खेळाडू तिची वाटच पाहत असतो. समरसॉल्टने खाली पडलेला झँगीफ उठेपर्यंत गाइल पुन्हा दूर गेलेला असतो, आणि पंधरा-वीस सेकंदांची सगळी चाल पुन्हा पहिल्यापासून करावी लागते.

गटातल्या बहुतेकांनी त्याला 'धीर धर' असा सल्ला दिला होता. माझ्या मते हा सल्ला या खेळात निरुपयोगी आहे, कारण पाय कुठे ठेवायचे हे तो सांगत नाही. अर्ध्या पडद्यावर धीर धरून बूम खात बसलेला झँगीफ फक्त बर्नआउटकडे सरकतो. तरुणाचा आक्षेपही अगदी रास्त होता : "दादा, नुसतं चालत आणि अडवत राहिलो तर टाइम संपेल, आणि लीड तुमच्याकडेच असेल." दादांनी त्यावर वाद घातला नाही. त्यांनी एक राऊंड नुसते बूम टाकत खेळून दाखवला आणि तरुणाला फक्त चालायला आणि गार्ड करायला सांगितले. तो दादांच्या पुढ्यात पोहोचला तेव्हा ९९ पासून उतरणाऱ्या घड्याळात निम्म्याहून जास्त वेळ शिल्लक होता.

उपाय

पुढचे काही रविवार तरुणाने पुढची उडी पूर्ण बंद ठेवली. हा नियम सामन्यासाठी नव्हता, सवय मोडण्यासाठी होता. ट्रेनिंग रूमच्या जमिनीवर चौकटी आखलेल्या असतात. त्यांवर त्याने दोन मापे घेतली. गाइल खाली बसून मारतो ती मीडियम किक कुठपर्यंत पोहोचते, हे पहिले. लाइट पंचची पकड कुठून लागते, हे दुसरे. पहिले माप दुसऱ्यापेक्षा मोठे निघाले, आणि ते तसेच निघणार होते. प्रश्न मधल्या फरकाचा होता : गाइलच्या लाथेच्या टोकाबाहेर उभे राहिले तर पकडीसाठी किती पावले कमी पडतात? उत्तर आले, एक छोटे पाऊल. इथून पुढे सगळा सराव त्या एका जागेवर येऊन थांबण्याचा झाला. ती जागा पडद्यावर एका ठिकाणी नसते, गाइलबरोबर मागेपुढे सरकते, म्हणून ती डोळ्यांत बसवावी लागते.

तिथवर पोहोचण्यासाठी डमीच्या (सरावात गेमच चालवतो त्या) गाइलला संथ बूम, वेगवान बूम आणि काहीच न करणे अशा तीन कृती रेकॉर्ड करून दिल्या आणि त्या कोणत्याही क्रमाने येतील असे ठेवले. चालणे, गार्ड, चालणे, पॅरी. पॅरीने अडवलेला बूम ड्राइव्ह गेज परत भरतो, त्यामुळे तरुणाला सुरुवातीला पॅरी हाच रामबाण वाटला आणि तो बटण धरूनच ठेवू लागला. त्यात दोन तोटे आहेत. काही न अडवता धरून ठेवलेली पॅरी स्वतःच गेज खाते. आणि पॅरीत असताना कोणी थ्रो केला तर तो पनिश काउंटर ठरून नुकसान वाढते. संथ बूम टाकून त्याच्या मागून चालत येणारा गाइल नेमके हेच करू शकतो. शेवटी दूरच्या बूमला पॅरी आणि जवळच्या बूमला गार्ड अशी विभागणी त्याला मानवली.

ड्राइव्ह इम्पॅक्टबद्दल एकच नोंद. तो दोन फटके अंगावर झेलून पुढे येतो आणि एकच खण खर्च करतो, त्यामुळे बूमवरचा तो सोपा तोडगा वाटतो. पण तो लागायला २६ फ्रेम घेतो, सेकंदाला ६० फ्रेमच्या हिशेबाने अर्ध्या सेकंदाच्या जरा आत, आणि सावध गाइल त्याला उलट ड्राइव्ह इम्पॅक्टने उत्तर देतो. तरुणाने तो क्वचित वापरला, हे बरेच केले.

तरुण लहानपणापासून परळच्या एका व्यायामशाळेकडून कबड्डी खेळतो आणि डावा कोपरा सांभाळतो. चढाईपटूचा पाय पुरता आत आल्याशिवाय पकड टाकायची नाही, आणि तोवर त्याच्यासमोरून हलायचेही नाही, हे त्याच्या अंगात मुरलेले आहे. झँगीफ म्हणजे धावून जाणारा चढाईपटू नसून कोपऱ्यावरचा पकडवाला आहे, एवढे म्हटल्यावर त्याला पुढचे फारसे समजवावे लागले नाही.

आठवा गेम

ज्या सेटसाठी ही नोंद मुख्यतः केली तो आधी पाच गेम जिंकणाऱ्याचा होता. सात गेमनंतर दादा ४–३ ने पुढे होते. आठव्या गेमचा शेवटचा राऊंड वाईट रीतीने सुरू झाला : तरुणाने सुरुवातीलाच घातलेली पकड दादांनी जागच्या जागी उडी मारून हुकवली आणि खाली येताना कॉम्बो लावला. जीवनरेखेचा जवळपास तिसरा हिस्सा गेला, झँगीफ खाली पडला, दादा मागे सरकून बूम टाकू लागले.

इथे जुना तरुण तिसऱ्या बूमनंतर उडाला असता. या वेळी तो चालला. पहिला संथ बूम पॅरी, चार पावले. दुसरा वेगवान बूम गार्ड, दोन पावले. तिसऱ्याची वाट पाहिली आणि तो आला नाही, म्हणून आणखी दोन पावले. घड्याळात साठच्या आसपास आकडा असताना तो ठरलेल्या जागेवर येऊन थांबला आणि त्याने काहीही दाबले नाही.

दादा एक पाऊल मागे गेले, तो एक पाऊल पुढे आला. दादा पुन्हा मागे, तो पुन्हा पुढे. पाहणाऱ्यांना हे कंटाळवाणे वाटत होते, मागून कोणीतरी "अरे, मार ना!" असे ओरडलेही. वास्तविक या चार-पाच सेकंदांत दादांचे पर्याय एकेक करून कमी होत होते. एवढ्या जवळून बूम टाकला तर तो सुटताना समरसॉल्टचा चार्ज जातो आणि अंदाजाने मारलेल्या उडीला उत्तर अवघड होते. पुढे चालले तर दोन्ही चार्ज सुटतात आणि पकडीच्या टप्प्यात आपण होऊन शिरावे लागते. मागे जायला फार जागा उरली नव्हती. उरली ती लाथ. दादांनी बसून मीडियम किक मारली, ती वीतभर कमी पडली, आणि पसरलेल्या त्या पायावर तरुणाने झँगीफची लांब लाथ हाणली.

नुकसान किरकोळ होते. पण या फटक्याने दादांच्या डोक्यात एक गोष्ट शिरली : पुढच्या वेळीही लाथच येणार. तरुण पुन्हा त्याच जागेवर आला तेव्हा दादांनी लाथेच्या अपेक्षेने पॅरी धरली. तरुण एक छोटे पाऊल पुढे सरकला आणि त्याने पकड घातली. लाइट पंचची, सर्वांत कमी नुकसानाची, पण तेवढ्या अंतरावरून लागणारी तीच होती. आणि पॅरीतून पकडल्यामुळे नुकसानाची कसर भरून निघाली. गाइल कोपऱ्यालगत पडला. पुढचे तपशील नेहमीचे आहेत : कोपऱ्यात गार्ड करत करत दादांचा ड्राइव्ह गेज संपला, आणि बर्नआउटमध्ये पाठीला भिंत असलेल्या गाइलकडे झँगीफला द्यायला फारसे काही नसते. ४–४.

राऊंड संपल्यावर दादा म्हणाले, "तू काही दाबत नव्हतास, म्हणून मला दाबावं लागलं. लीड माझ्याकडे होती, मला गरज काय होती?" तरुणाने सांगितले की हात त्याचेही शिवशिवत होते. दादांच्या प्रश्नाचे माझे उत्तर असे आहे : लीड होती, पण जागा नव्हती. जीवनरेखेतली आघाडी टिकवायला गाइलला मागे जाता यावे लागते. पाठीमागे कोपरा आला की तीच आघाडी घाई करायला लावते, कारण आता एक चूक झाली तर ती जाईल हे दिसत असते. या मॅचअपमध्ये अधीर होणारा झँगीफ सर्वांच्या नजरेत भरतो, अधीर झालेला गाइल कोणाच्या लक्षात येत नाही.

नववा गेम आणि मर्यादा

सेट दादांनीच ५–४ असा घेतला, आणि कसा घेतला हे नोंदवणे आवश्यक आहे. नवव्या गेममध्ये त्यांनी तरुणाला ठरलेल्या जागेवर स्थिर होऊच दिले नाही. तो दोन-तीन पावले अलीकडे असतानाच ते संथ बूम टाकत आणि बूमच्या मागोमाग स्वतः पुढे चालत येत. चार्ज सुटत होता, पण समोर बूम असल्यामुळे तरुणाला गार्ड किंवा पॅरी करणे भाग होते, आणि तो गार्डमधून मोकळा होईपर्यंत गाइल स्वतःच्या लाथेच्या टप्प्यात येऊन, एक फटका मारून, पुन्हा मागे जाऊन बसलेला असे. दोनदा त्यांनी पॅरीत असलेल्या तरुणाला साधा थ्रो केला. ज्या जागेवर थांबायला तो शिकला होता ती जागा त्याच्याकडे येताना कशी हाताळायची, याचा सराव त्याने केलेला नव्हता.

हा अभ्यास इतर मॅचअपना जसाच्या तसा लावू नये. केन या दुसऱ्या पात्रासमोर तेवढ्याच अंतरावर शांत उभे राहणे धोक्याचे आहे, कारण केनला स्वतःलाच आत यायचे असते आणि जिनराई किकसारखे पुढे नेणारे हल्ले त्याच्याकडे आहेत. धालसिम या पात्राच्या हातापायांची पोच इतकी आहे की लाथेच्या टोकाबाहेर उभे राहिले तर पकडीसाठी एक पाऊल नव्हे, अर्धा पडदा कमी पडतो. गाइलच्या बाबतीत मात्र माप पक्के आहे आणि ते बदलायचे कारण दिसत नाही.

पुढच्या रविवारसाठी डमीच्या रेकॉर्डिंगमध्ये चौथी कृती घातली आहे : संथ बूम, त्यामागून चाल, आणि शेवटी कधी थ्रो तर कधी बसून लाथ. पहिल्या काही फेऱ्यांत तरुण थ्रोच्या वेळी लाथ गृहीत धरतो आहे. बूम गार्ड केल्याबरोबर लाइट पंचची पकड घालणे हे एक उत्तर असू शकते, कारण पुढे चालत आलेल्या गाइलकडे त्या क्षणी समरसॉल्ट नसते. पण दादांनी तिथे जागच्या जागी उडी मारली तर सेटच्या आठव्या गेमची सुरुवात जशी झाली तसेच पुन्हा होईल. दादांना हे ऐकवल्यावर त्यांनी फक्त एवढेच विचारले की डमीला ती उडीही रेकॉर्ड करून दिली आहे का. अजून दिलेली नाही. पाचवी कृती म्हणून ती घालायची आहे.